जपानी तलवारीचा साज (लेखांक ५) : नाव शेवटी वाचा

मूठ आणि पाते यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती म्हणजे त्सुबा. तिची ओळख आपण करून घेतली आहे. आता तिच्यावर कोरलेल्या सहीकडे वळू. जपानीत या सहीला 'मेई' म्हणतात. सही दिसली की नवा संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो कारागिराच्या नावाचा. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. मोडी वाचणारा जाणकार जुना कागद हाती येताच आधी ठरावीक मायना आणि शेवटचे 'मोर्तब सूद' हेरतो आणि मग मधल्या अनोळखी नावांशी झटतो. मेई वाचण्याची रीत अगदी हीच आहे.

आधी त्सुबा नीट धरा. मधल्या छिद्रातून पात्याचा दांडा जातो. त्या छिद्राचे निमुळते टोक धारेच्या बाजूचे असते, ते वर ठेवा. मुठीकडची बाजू ती दर्शनी बाजू, आणि सही बहुधा तिच्यावरच, छिद्राच्या कडेला असते. एकच ओळ असेल तर बहुतेक वेळा डावीकडे. दोन ओळी असतील तर उजवीकडची आधी वाचायची, मग डावीकडची, आणि दोन्ही वरून खाली. तलवार जोडलेली असताना ही जागा सेप्पा नावाच्या पातळ चकतीखाली झाकलेली असते. म्हणजे कारागिराने आपले नाव अशा ठिकाणी कोरले, जे तलवार सुटी केल्याशिवाय कुणाला दिसूच नये. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता चौकट शोधा. तीन उभ्या रेघा आणि त्यांच्या अधेमधे छोटे ठिपके असे अक्षर दिसले की ते 'शू', म्हणजे प्रांत. त्याच्या डोक्यावरचे अक्षर कोणता प्रांत ते सांगते. बुशू म्हणजे मुसाशी, जिथे एदो, आजचे तोक्यो, वसले. चोशू म्हणजे नागातो, तिथले हागी हे त्सुबाकारांचे मोठे गाव. गोशू म्हणजे बिवा सरोवराभोवतालचा ओमी प्रांत. प्रांताखाली पुष्कळदा गावाचे नाव येते आणि त्यानंतर 'जू', म्हणजे रहिवासी. 'जू' ओळखायला सोपे आहे. डावीकडे एक तिरपी रेघ व तिला लागून एक उभी रेघ, उजवीकडे वर ठिपका आणि त्याखाली एका उभ्या रेघेत ओवलेल्या तीन आडव्या. सहीच्या शेवटी 'साकु' किंवा 'सेई' येते. दोन्हींचा अर्थ 'याने घडवले'. 'साकु'चा डावा भाग थेट 'जू'सारखाच असतो, म्हणून सुरुवातीला हमखास गल्लत होते. उजवा भाग पाहूनच निर्णय करा.

एवढे वेगळे काढले की उरते ते नाव, बहुधा दोन अक्षरांचे. ही अक्षरेही पुन्हापुन्हा भेटतात: मासा, कुनि, तोमो, योशि, मित्सु. 'मासा' पाच सरळ रेघांचे आहे, त्यात वळण नाही, त्यामुळे झिजलेल्या लोखंडावरही ते ओळखू येते. 'इए' हे अक्षर पाठ केले तर नोबुइए आणि कानेइए या दोन मोठ्या नावांचा अर्धा भाग हाती आला. छिन्नीने गोल वळण घेणे अवघड, म्हणून वळणाच्या जागी छोटे सरळ घाव एकापुढे एक दिसतात. छापील अक्षराशी ते जुळत नाही म्हणून गोंधळू नका. रेघांची मांडणी जुळते का ते बघा.

काही सह्यांत दोन नावे असतात. गोतो घराण्याच्या आरंभीच्या उस्तादांनी, म्हणजे मूळ पुरुष युजो (१४४०–१५१२) आणि त्याच्या लगतच्या वंशजांनी, सहसा सही केलीच नाही. पुढच्या पिढ्यांनी ते काम पारखून त्यावर आधी पूर्वजाचे नाव कोरले आणि खाली आपले. तिथे पहिले नाव घडवणाऱ्याचे आणि दुसरे ग्वाही देणाऱ्याचे. मित्सुताका या तेराव्या प्रमुखाच्या अशा नोंदी पुष्कळ आढळतात.

सर्वांत जास्त भेटेल ती सोतेनची सही: 'गोशू हिकोने जू, मोगाराशि न्यूदो सोतेन सेई'. ओमी प्रांतातल्या हिकोनेचा रहिवासी, मोगाराशि हे टोपणनाव, न्यूदो म्हणजे दीक्षा घेतलेला गृहस्थ, आणि त्याने घडवले. चौकट ओळखली की इतकी लांब सहीही पाच मिनिटांत उलगडते. नावाची तीच दोन अक्षरे 'मुनेनोरि' अशीही वाचली जातात, तेव्हा ग्रंथात दोन्ही नावांखाली शोधा. चिनी साधू, योद्धे, झाडे, ढग असे आरपार कोरून त्यावर सोन्याचे ठिपके जडवण्याची ही शैली इतकी खपली की इतरांनी ती उचलली, आणि सोबत सहीही उचलली. त्यामुळे सोतेनचे नाव असलेल्या बहुसंख्य त्सुबा सोतेनच्या नाहीत. नोबुइए आणि कानेइए यांच्या नावांनीही असेच घडले. खोट्या सहीला 'गिमेई' म्हणतात. सही वाचता आली म्हणजे तिथे काय लिहिले आहे ते कळले, याहून जास्त काही नाही. लोखंडाचा पोत, कोरीवकामाची जाण, कडेची घडण यांनी आधी पटवावे आणि सहीने मग दुजोरा द्यावा. सहीवर भाळून किंमत मोजणारा संग्राहक जवळजवळ नेहमीच फसतो. जपानमध्ये १९४८ साली स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवारींच्या जतनाची संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते. मोठी खरेदी त्याशिवाय करू नये.

एक कळकळीची विनंती. अक्षर पुसट असेल तर दिवा बाजूला, अगदी आडवा धरा. सावल्या पडल्या की रेघा वर येतात. पण लिंबू, चिंच, आम्ल, तारेचा ब्रश यांतले काहीही त्सुबाला लावू नका. तिच्यावरचा काळसर गंज कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. तो गेला की परत येत नाही.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि बॉस्टनचे ललित कला संग्रहालय यांनी आपल्या त्सुबांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी सहीचे वाचनही दिले आहे. या आठवड्यात ते वाचन झाकून ठेवा आणि प्रत्येक सहीत फक्त 'शू', 'जू' आणि 'साकु' शोधा. नावाखालच्या 'काओ' या वळणदार खुणेबद्दल पुढच्या लेखांकात लिहीन.