स्वस्त डिस्कचा महाग हिसाब

आमच्या कापडाच्या पेढीत एकाच सर्व्हरवर तीन आभासी संगणक चालतात. खर्च वाचावा म्हणून आम्ही त्यात घरगुती वापराच्या एसएसडी बसवल्या. सकाळी काम झपाट्याने होई. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की बिल निघेना.

कारण असे. अशी डिस्क आलेला माल आधी ओट्यावर उतरवते, मग सवडीने गोदामात रचते. ओटा भरला की वेग कोसळतो. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० क्यूव्हीओ डिस्कचा लेखनवेग कंपनीनेच सेकंदाला ५३० एमबीपर्यंत सांगितला आहे. ४२ जीबीचा ओटा भरल्यावर तो ८० वर येतो.

दुसरे कारण, हिसाबाचा प्रोग्राम प्रत्येक नोंदीची पक्की पावती मागतो. सर्व्हरसाठीच्या चांगल्या डिस्कमध्ये वीज गेली तरी नोंद जपणारे कपॅसिटर असतात, म्हणून ती पावती लगेच देते. घरगुती डिस्कला आधी लिहून पूर्ण करावे लागते.

व्यापारी बंधूंनो, डिस्क बदलण्याआधी एवढे पाहा :
१) 'स्मार्ट' अहवालात झीज किती?
२) डिस्क काठोकाठ भरली आहे का?
३) पुसलेली जागा डिस्कला कळवणारे 'ट्रिम' चालू आहे का? आभासी डिस्कला 'डिस्कार्ड'ही लावावे लागते.
४) सगळे बॅकअप एकाच वेळी होतात का?

तरीही भागले नाही तर हिसाबापुरती कपॅसिटरवाली डिस्क घ्या. वेगासाठी पावती मागणेच बंद करू नका. वीज गेली तर शेवटच्या नोंदी जातील, आणि उधारीचा पुरावाही.