भडक? छे, नादखुळा!

आजीच्या माळ्यावरचा माल थेट हॉलमध्ये आलाय. रेट्रोची हौस भागवायची तर कोल्हापूरसारखं गाव नाही. अट फक्त एकच!

गुलाबाची फुलं रंगवलेली पत्र्याची ट्रंक, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, दाराला मण्यांचं तोरण... एकेकाळी पाहुणे यायच्या आधी लपवायच्या या वस्तू! आता त्याच मुद्दाम शोधून आणल्या जातात. अति होतंय असं वाटतं, तरी नजर हटत नाही, अशा गोडगोड, भडक चिजांना इंग्रजीत 'किच' म्हणतात. कोल्हापूरकर भडकपणाला बिचकत नाही. तो सरळ म्हणतो, नादखुळा!

भिंतीवर काय?

जुन्या सिनेमाचं पोस्टर फ्रेम करून लावणं हा सगळ्यात सोपा फंडा. आणि पोस्टर म्हटलं की कोल्हापूरला पर्याय नाही. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून त्यांचं नावच 'पेंटर' पडलं. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' केला आणि आपल्या सिनेमांची पोस्टर्सही स्वतः रंगवली. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये इथलीच. पुण्याला गेली ती नंतर. तेव्हा बॉलिवूडचं तयार पोस्टर घेण्याआधी आपल्या मातीतलं शोधा.

माळ्यावर चढा

शॉपिंगची सुरुवात दुकानातून नको, घरातून करा. तांब्याचा बंब घासूनपुसून कोपऱ्यात ठेवा, त्यात मनीप्लांट लावा. पितळी डबा ऑफिसला न्या. लग्नाची तारीख आणि नाव घातलेली स्टीलची भांडी मोडीत काढू नका. अशी पर्सनलाइज्ड गिफ्ट्स आपल्याकडे कधीपासून आहेत!

पायात काय?

जीन्स, कुर्ता आणि कोल्हापुरी, हा लूक कधी आऊट होतच नाही. अंबाबाईच्या देवळापासून चालत चप्पल लाईनला जा. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे का, शिलाई हातची आहे का, हे विचारा. या चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. घरी आणल्यावर तेलाचा हात द्या आणि पावसात घालू नका. आधी चावेल, मग पायाची होईल.

आणि ती अट

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये 'प्राडा'च्या मॉडेल्सनी अगदी कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या. कोल्हापूरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. बोभाटा झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. आपण सगळे तावातावानं बोललो. पण मॉलमध्ये रेक्झिनची मशीनमेड 'कोल्हापुरी' सांगितलेल्या किमतीला घेणारे आणि चप्पल लाईनमध्ये पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारेही आपणच ना?

ट्रंक रंगवणारा, डब्यावर नाव घालणारा, चप्पल शिवणारा यांच्यासाठी हे 'रेट्रो' नाही. आजचा धंदा आहे. आपण गंमत म्हणून घेतो, त्यावर त्यांची चूल पेटते. तेव्हा भडक हवं ते बिनधास्त घ्या, शोकेसमध्ये न ठेवता रोज वापरा. आणि ज्यानं बनवलं त्याच्याकडूनच, त्याच्या भावात घ्या.

हौसेला मोल नसतं म्हणतात. कारागिराच्या हाताला असतं!