चूक दाखवणारी सोबत

गणितातल्या आद्य स्त्रियांच्या कहाण्या बहुधा जिद्दीच्या कहाण्या म्हणून सांगितल्या जातात. घरचा विरोध, चोरून केलेला अभ्यास, अखेरीस मिळालेला मान, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. विद्यार्थिनींनी त्यातून सोसण्याचा धडा घ्यावा, अशी अपेक्षा असते. गेल्या सव्वादोनशे वर्षांचा मागोवा घेतला तर मात्र हा धडा अपुरा वाटतो. जिद्द त्या सगळ्यांकडेच होती. आपलं काम गांभीर्याने वाचून त्यातली चूक दाखवणारं माणूस त्यांना कधी आणि किती भेटलं, यावर पुढचं बरंच काही ठरलं.

पॅरिसमध्ये १७९४ साली एकोल पॉलितेक्निक सुरू झाली, पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता. सोफी जर्मेन यांनी व्याख्यानांची टिपणं मिळवली आणि ‘मस्यू लब्लां’ या पुरुषी नावाने आपलं लेखन तिथले प्राध्यापक लाग्रांज यांच्याकडे पाठवलं. पुढे त्याच नावाने त्यांनी जर्मन गणितज्ञ गाउस यांनाही पत्रं लिहिली. कंप पावणाऱ्या पातळ पत्र्यांचं गणित मांडण्यासाठी फ्रेंच अकादमीने स्पर्धा ठेवली, तेव्हा १८११ मध्ये एकट्या जर्मेन यांचाच प्रबंध आला आणि तो नापसंत झाला. त्यातलं समीकरण लाग्रांज यांनी दुरुस्त केलं. तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ मध्ये, पारितोषिक मिळालं, तरी मांडणीतल्या काही त्रुटी राहिल्याच. पॉलितेक्निकचा विद्यार्थी ज्या पद्धती वर्गात शिकत असे, त्या जर्मेन यांना एकटीने पुस्तकांतून जुळवाव्या लागल्या होत्या. प्रवेशबंदीचा परिणाम असा थेट गणितात उतरलेला दिसतो.

रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया यांना बर्लिन विद्यापीठाने १८७० मध्ये व्याख्यानांना बसू दिलं नाही, पण तिथले प्राध्यापक कार्ल वायरस्ट्रास यांनी त्यांना चार वर्षं खासगीत शिकवलं. १८७४ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये फ्रेंच अकादमीच्या निनावी प्रवेशिकांच्या स्पर्धेत त्यांचा प्रबंध इतका सरस ठरला की पारितोषिकाची रक्कम ३,००० वरून ५,००० फ्रँक करण्यात आली. जर्मन गणितज्ञ एमी नोएथर तर स्वतःच इतरांची अशी सोबत झाल्या. एर्लांगेनमध्ये अनेक वर्षं विनावेतन काम केल्यावर त्या १९१५ मध्ये गॉटिंगेनला आल्या. तिथे १९१९ पर्यंत त्यांची व्याख्यानं तिथले प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांपैकी व्हान डेर वार्डेन यांच्या पाठ्यपुस्तकातून आधुनिक बीजगणित जगभर पोचलं. १९३३ मध्ये नाझी राजवटीने नोएथर यांना काढून टाकलं, तेव्हा गॉटिंगेननेही अशी सोबत गमावली.

यावर कोणी म्हणेल, खरी प्रतिभा एकटीही तग धरते, रामानुजन बघा. पण रामानुजन यांनीही १९१३ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी ते केंब्रिजला पोचले. तिथे त्यांना १९१६ मध्ये पदवी मिळाली, तर स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला त्याच विद्यापीठाने १९४८ उजाडू दिलं. दुसरा आक्षेप असा की आता कुठलंच दार बंद नाही. कायद्याने नाही, हे खरं. तरीही १९३६ ते २०२२ या काळात दिलेल्या, गणितातल्या सर्वोच्च सन्मानांत गणल्या जाणाऱ्या ६४ फील्ड्स पदकांपैकी स्त्रियांना दोनच मिळाली. हे मोजमाप शिखरापुरतंच आहे, पण नियम बदलले की काम संपलं, असं त्यावरून म्हणता येत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गणितज्ञ मंगला नारळीकर एम.ए.ला १९६४ मध्ये सुवर्णपदक मिळवून पहिल्या आल्या, त्यांची पीएच.डी. १९८१ मध्ये झाली. मधल्या काळात संसार होता. ही दरी बुद्धीची नव्हती, आणि संशोधनाकडे परतण्याची वाट खुली राहिल्यानेच ती पार झाली. पुढे त्यांनी मुलांसाठी मराठीत गणितावर लिहून हीच सोबत इतरांना दिली.

फील्ड्स पदक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री मरियम मिर्झाखानी तेहरानच्या शाळेत असताना त्यांनी आणि रोया बेहेश्ती या मैत्रिणीने मुलांच्या शाळेसारखा गणित-सरावाचा वर्ग मागितला, आणि मुख्याध्यापिकेने तो सुरू केला. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये मिर्झाखानींनी सुवर्णपदक पटकावलं. आजच्या विद्यार्थिनीने प्रेरणा घ्यायची ती या मागण्याची: अर्धवट सुटलेलं गणित दुसऱ्याला दाखवायचं, चूक विचारायची, वर्ग नसेल तर मागायचा. आणि शाळा-महाविद्यालयांनी या मागोव्याचा अर्थ एवढाच घ्यावा की मागितलेला वर्ग सुरू करणं हे त्यांचं काम आहे. मुलीच्या जिद्दीची परीक्षा पाहणं नव्हे.