पूल दोन झाले, तरी ओंकारेश्वरात होडी चालते



पूल झाला की होडीवाल्याचं काय, हा प्रश्न हल्ली आपल्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे असे खाड्यांवरचे पूल आखलेले आहेत. ज्यांच्या घरात तरीचा धंदा आहे, किंवा मासळी कमी झाल्यावर जे बोटीवर पर्यटक घेतात, त्यांच्या पोटात गोळा येणारच. म्हणून यंदा सहलीला जायचं ठरलं तेव्हा आम्ही मुद्दाम असं बेट निवडलं, जिथे पूल होऊन वर्षं लोटलीत आणि होडी अजून आहे. नर्मदेतलं ओंकारेश्वर. देवदर्शनही झालं, आणि बघायचं तेही बघून आलो.

जायचं कसं, ते आधी सांगतो. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी इंदूर. तिथे राजवाड्याच्या आसपास फिरलात तर मराठी कानावर पडेल, होळकरांच्या वेळेपासून आपली माणसं तिथे राहतात. पोहे-जिलेबी खा, रात्री सराफ्यात जा, पण मुक्काम वाढवू नका. इंदूरहून ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर. आम्ही गाडी केली होती. भेरूघाट उतरून बडवाह, मग मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल, आणि तिथून आत वळायचं. अडीच तास धरा. पूर्वी या बाजूला मीटरगेजची छोटी गाडी होती. ती लाइन व्हावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. रुंदीकरणासाठी ती गाडी २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता रस्ताच.

आमची एक चूक झाली, आम्ही सोमवारी पोचलो. शंकराच्या गावाला सोमवारी जाऊ नये, हे घरातल्या बायकांनी सांगितलं होतं, ऐकलं कोणी? पुलावर मुंगीला वाट नव्हती. तुम्ही मंगळवार-बुधवार बघा.

बेटाचं नाव मांधाता. डोंगरच आहे तो, एका अंगाला नर्मदा आणि दुसऱ्या अंगाला कावेरी म्हणतात तो फाटा. दोन्ही पाणी पश्चिमेच्या टोकाला मिळतात, तो संगम. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग बेटावर, ममलेश्वर अलीकडच्या काठावर. लोक दोन्ही दर्शनं घेतात, म्हणजे प्रत्येकाला पाणी ओलांडायचंच आहे. त्यासाठी एक जुना पक्का पूल आणि एक झुलता पूल. बेटावर फिरायचं ते पायी. परिक्रमा सातेक किलोमीटरची, मधे चढ-उतार बराच. वर डोंगरावर आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा आहे, २०२३ च्या सप्टेंबरात उभा झाला, तो लांबूनच दिसतो. आमच्यातल्या दोघा म्हाताऱ्यांनी गुडघ्याचं कारण सांगून परिक्रमा टाळली आणि घाटावर केवटांशी गप्पा मारत बसले. खरी माहिती त्यांनीच आणली.

आता होडीचं. दोन-दोन पूल असताना घाटाला रंगवलेल्या, वर कापडाचं छत टाकलेल्या मोटारहोड्या ओळीने लागलेल्या होत्या आणि भरून सुटत होत्या. पुलावरून फुकट जाता येतं तरी माणूस पैसे देऊन होडीत का बसतो? आम्ही बघत बसलो. काही जण गर्दीला कंटाळलेले, काहींबरोबर चालता न येणारी आई. पण जास्त करून जे बसत होते ते पलीकडे जायला बसतच नव्हते. त्यांना पाण्यातून देऊळ बघायचं होतं, संगमापर्यंत जाऊन यायचं होतं, मधे होडी थांबवून ओंजळभर पाणी घ्यायचं होतं. एका केवटकाकांनी सरळ सांगितलं, "पार उतारने का काम पुल ले गया, घुमाने का हमारे पास है."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलंय. पूल तरीचा धंदा खातो, हे खरंच आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. या काठावरून त्या काठावर सोडणारी होडी पुलापुढे टिकत नाही. टिकते ती फिरवणारी होडी, आणि ती टिकायला बघण्यासारखं काहीतरी पाण्यातूनच दिसावं लागतं. राजपुरीहून जंजिऱ्याला, मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्यांना ही चिंता कमी. खाडीवरच्या तरवाल्यांनी मात्र आतापासून विचार करायला हवा की आपल्या खाडीत दाखवण्यासारखं काय आहे. कांदळवन आहे, पक्षी आहेत, जुनी बंदरं आहेत. पण फिरवायला नेणं म्हणजे माणसाशी बोलणं आलं. आपल्यातले कितीजण दोन तास पाहुण्याशी गोड बोलू शकतील? हसू नका.

आणि पैसा रोजचा नाही. सोमवार, शिवरात्र, श्रावण, सुट्ट्या, एवढ्यातच कमाई. बाकीचे दिवस घाटावर बसून माणसांना हाका मारायच्या. नुसत्या त्या भरवशावर बोटीचं कर्ज काढू नये, असं आमचं मत झालं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण पंचांग बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, हे पोरालाही येतं. तिथे नदी, तिला कसली भरती? पण पाणी चढत-उतरत होतं. सकाळी खडक उघडे, त्यांच्यावर लोक आंघोळीला बसलेले. नंतर भोंगा वाजला आणि घाटावर एकदम आरडाओरड, "बाहर निकलो, बाहर निकलो!" बेटाच्या जरा वरच ओंकारेश्वर धरण आहे, ५२० मेगावॅटचं. विजेची मागणी वाढली की जनित्रं सुरू होतात, खाली पाणी सुटतं आणि बघता बघता तेच खडक बुडतात. त्यांची भरती चंद्रावर नाही, विजेवर चालते. म्हणून तिथल्या नावाड्याचा अर्धा कान सतत भोंग्याकडे असतो. बोलता बोलता मधेच गप्प होतात, तेव्हा समजायचं, ऐकतायत.

हा भोंगा चेष्टेचा विषय नाही. ७ एप्रिल २००५ च्या रात्री, ओंकारेश्वराच्या वरच्या अंगाला देवास जिल्ह्यात धाराजी इथे भूतडी अमावास्येच्या यात्रेला आलेले लोक नर्मदेच्या पात्रात होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून पाणी आलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. पाणी कधी येणार हे सोडणाऱ्याला माहीत होतं, पात्रातल्यांना नाही. आपल्याकडे निदान उधाण कोणापासून लपून राहत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल एक. आमच्या होडीत प्रत्येकाला जॅकेट मिळालं, पण निम्म्यांनी ते मांडीवर ठेवलं. आमच्यातल्याही दोघांनी, आणि वर "आम्ही समुद्रातले" म्हणून ऐट. केवटकाकांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी बांधेपर्यंत सुरूच केलं नाही. आम्हालाच लाज वाटली. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ माणसं गेली. तिथे चूक प्रवासी बोटीची नव्हती. आपण नीट चालवतो म्हणून भागत नाही, दुसरा कसा येईल ते आपल्या हातात नसतं. प्रवासी घेणाऱ्या आपल्या सगळ्या बोटींनी हे इंजिन बंद करण्याचं उचलावं.

दुसऱ्या दिवशी हनुवंतियाला गेलो. खंडव्यापासून पन्नासेक किलोमीटर, इंदिरा सागरच्या काठावर. बेट म्हणतात, पण गाडी थेट आत जाते, पाणी तीन बाजूंना. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे पहिला जल महोत्सव झाला आणि नाव पसरलं. खोल्या, हाउसबोट, पाण्यातले खेळ, सगळं नीटनेटकं. जलाशय ९०० चौरस किलोमीटरच्या वर, पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटा उठतात. तरी खारा वास नाही, त्यामुळे आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. याच पाण्यासाठी २००४ मध्ये हरसूद हे आख्खं गाव उठलं. लांबवर छोट्या होड्यांतून जाळी टाकणारे दिसले. कटला, रोहू मिळतो. त्यांची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट, आपली जून-जुलै. पर्यटकांच्या धक्क्यावर मात्र त्यांची एकही होडी आम्हाला त्या दिवशी दिसली नाही. ओंकारेश्वरात घाट होडीवाल्यांचा आहे. इथे धक्का आणि मच्छीमार यांच्यात दोन-तीन किलोमीटर पाणी. आपल्या गावात उद्या पर्यटनाची जेटी बांधायला कोणी आलं, तर जेटीवर आपल्या बोटी कुठे लागणार, हे पहिल्या बैठकीतच विचारायचं, एवढं आम्ही वहीत लिहून घेतलंय.

निघताना केवटकाकांना कोकणात बोलावलंय. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. नारळी पौर्णिमेनंतर या, म्हटलं, तोवर दर्या शांत होतो. त्यांनी विचारलं, "आपके यहाँ सायरन कौन बजाता है?" आमच्यातल्या एकाने वर आभाळाकडे बोट दाखवलं. काकांना ते काही पटलं नाही.

दिवाळीनंतर दुसरी खेप न्यायचा विचार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी ऑफिसात नाव द्या. सोमवार टाळूनच तारीख ठरवू.