संगणकातली चूक आणि उसाची तोड
(ऊस विकास विभागाकडून)



२०२४-२५ च्या गळीत हंगामात, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एक वयस्क सभासद आमच्या शेतकी कचेरीत आले. हातात ऊस नोंदीची पावती होती. खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाले, "साहेब, माह्या अन् शेजाऱ्याच्या वावरात एकच धुरा हाय. त्याची लागण माह्याहून तेरा दिवस मागची. त्याचा ऊस तुटून गेला, माहा उभाच हाय. काहून?"

काहून, याचे उत्तर त्यांच्या मनात तयार होते. वशिला. आणि खरे सांगायचे तर आमच्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी जे उत्तर होते तेही काही बरे नव्हते. "यादी संगणक काढतो, आमच्या हातात काही नाही." हे वाक्य आम्हीही त्या दिवशी बोललो. ते गेल्यावर मात्र त्यांच्या तेरा दिवसांनी आम्हाला झोप लागू दिली नाही. दोघांचा वाण को ८६०३२, जमीन एक, विहिरीचे पाणी एक, दोन्ही सुरू लागणी. एकाची लागण ५ जानेवारी २०२४, दुसऱ्याची १८ जानेवारी. मग यादीत मागचा पुढे कसा?

दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात बसून आम्ही त्यांचीच एक नोंद उघडली. सगळ्या यादीकडे पाहिले नाही, एकच नोंद. पडद्यावर तारीख बरोबर दिसत होती, ०५/०१/२०२४. पण शेजारच्या रकान्यात उसाचे वय दहा महिन्यांच्या आत! जानेवारीत लावलेला ऊस फेब्रुवारीअखेर तेरा महिन्यांच्या पुढे असायला हवा. बोटांवर मोजले तेव्हा उलगडा झाला. संगणकाने पाचवी तारीख, पहिला महिना असे वाचलेच नव्हते. पाचवा महिना, पहिली तारीख, म्हणजे १ मे, असे वाचले होते. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, ती रीत.

मग शेजाऱ्याचे बरोबर कसे आले? १८/०१ असे लिहिले तर अठरावा महिना नसतो. तिथे हा प्रोग्रॅम मुकाट्याने आपली चूक सुधारून १८ जानेवारी धरत होता. थांबला असता, एरर दाखवली असती, तर पहिल्याच दिवशी सापडला असता. तो अर्धा खरे बोलत होता, म्हणून कोणाच्या लक्षात आला नाही.

आता गाठ सुटू लागली. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या. १ ते १२ तारखेच्या नोंदी उलटल्या होत्या. त्यातही २ फेब्रुवारी किंवा ११ नोव्हेंबर अशा, दिवस आणि महिना सारखाच असलेल्या तारखा उलटूनही बरोबरच राहिल्या. पूर्वहंगामी उसाचे तर भलतेच झाले होते. २ नोव्हेंबर २०२३ ची लागण ११ फेब्रुवारी २०२३ ची धरली गेली. असा ऊस हंगाम सुरू होताना खरा एक वर्षाचा, पण यादीत एकवीस महिन्यांचा म्हणून सगळ्यांच्या आधी तोडीला आला. कोणाचा ऊस अपुऱ्या साखरेवर गेला, कोणाचा उन्हात उभा राहून वजनाला उतरला. विदर्भाच्या उन्हात मार्चमधला आठवडा काय करतो ते सभासदांना आम्ही सांगायला नको. खोडवाही तितकाच मागे पडतो.

आता प्रश्न, हे अचानक कशाने झाले. प्रोग्रॅम जुनाच होता, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला. तो करून देणाऱ्यांची कचेरी नागपुरात इतवारीत आहे, शहीद चौकापासून जवळच एका किराणा मालाच्या ठोक दुकानाच्या माडीवर. आम्ही पावत्या आणि नोंदवही घेऊन तिकडे गेलो. खाली हमाल पोती उतरवत होते, मस्कासाथेकडून येणाऱ्या मिरचीच्या ठसक्याने जिन्यातच दोनदा शिंकलो. प्रोग्रॅमर तरुण, हुशार आणि सभ्य. त्यांनी आमची तारीख त्यांच्या संगणकावर घातली. उसाचे वय बरोबर आले. "पाहा साहेब, माझ्या मशीनवर तर बरोबर चालून राहिलं."

हे वाक्य सगळ्या जगातले प्रोग्रॅमर म्हणतात असे पुढे कळले. आम्हाला मात्र त्यात शेतीचा धडा दिसला. एकाच बेण्याचे दोन प्लॉट, एकावर केवडा आणि एक हिरवागार, तर बेण्याला दोष देऊन चालत नाही, दोन जमिनींत काय वेगळे ते पाहावे लागते. प्रोग्रॅम दोन्हीकडे तोच. मग दोन संगणकांत काय वेगळे? तासाभरात सापडले. आमच्याकडे जुना संगणक बिघडल्यावर नवा आणला होता. त्यावर विंडोज बसवणाऱ्याने देश-भाषेची निवड अमेरिकेचीच राहू दिली होती. हा प्रोग्रॅम तारीख वाचण्याची रीत विंडोजला विचारत होता. रकाना नुसता टाइप केलेली अक्षरे दाखवत होता, म्हणून डोळ्यांना सगळे ठीक दिसत होते.

आम्ही चहा घेत असताना खालच्या दुकानाचे म्हातारे मुनीम माडीवर आले होते. आमची हकीकत ऐकून त्यांनी एक जुनी युक्ती सांगितली. रोजमेळ जुळत नसेल तर आधी फरकाला नऊने भाग जातो का ते पाहायचे. गेला, तर बहुधा दोन आकडे उलटे लिहिले गेले आहेत, ५४ चे ४५. हिशेब सगळा पुन्हा न तपासता चूक कोणत्या जातीची आहे ते आधी कळते. संगणकाची चूक शोधताना करायचे तेच. कुठे चुकते आणि कुठे चुकत नाही यातला नियम आधी सापडवायचा. आमचा 'नऊचा भाग' म्हणजे ती १३ तारीख.

दुरुस्तीच्या वेळी मात्र एक मोठी चूक होता होता राहिली. "सगळ्या तारखा एका दमात उलटवून टाकू" असे ठरत होते. तसे केले असते तर बरोबर असलेल्या नोंदीही बिघडल्या असत्या, कारण जुन्या संगणकावर घातलेल्या तारखा सरळ होत्या. ०५/०१ ही मे महिन्याची की जानेवारीची, हे नुसती तारीख पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी सगळ्या नोंदींची प्रत काढून बाजूला ठेवली. नवा संगणक आल्यानंतर घातलेल्या नोंदी वेगळ्या केल्या. त्यातल्या १ ते १२ तारखेच्या नोंदी गटाकडच्या कागदी नोंद अर्जांशी एकेक ताडून पाहिल्या. आमच्या गट कर्मचाऱ्यांनी तीन रात्री जागून हे काम केले. कागद जपून ठेवल्याबद्दल त्यांना टोमणे मारणारेही आपल्याकडे होते. आता ते गप्प आहेत.

प्रोग्रॅममध्ये बदल केला तो असा. तारीख विंडोजला न विचारता दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने केले. आत साठवताना वर्ष-महिना-दिवस हा क्रम, २०२४-०१-०५. ही जगभर ठरवून घेतलेली रीत आहे, तिचे मानक १९८८ मध्ये निघाले. छापताना महिना अक्षरी. तोडीची यादी लावताना ज्याची लागण तारीख हंगाम सुरू झाल्यानंतरची दिसते, ती नोंद लाल होते.

एक खोड काढली की दुसऱ्या दिसतात. मोबाईलवर वजन पावती दाखवणारे वेब पान आहे, त्याबद्दल तक्रार होती की तारीख एक दिवस मागची येते. सगळ्यांची नव्हे. पुन्हा तोच शोध, कोणाची? ज्यांच्या गाड्या मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान काट्यावर आल्या, त्यांचीच. साडेपाच म्हटल्यावर ज्याला रेडिओवरची वेळ आठवते त्याला कारण कळेल. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचचे होते आणि पान तयार करताना ते साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. गंमत वाटेल, पण १६ तारखेच्या पहाटे दोनचे वजन १५ तारखेचे ठरले तर ऊस दुसऱ्या पंधरवड्याच्या बिलात जातो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, पुढे वर्षाला १५ टक्के व्याज. तेव्हा एका दिवसालाही किंमत आहे.

दुबार वजनाचे प्रकरण सोपे होते. काट्यावरच्या कारकुनाने बटण दाबले, पान हलेना, म्हणून पुन्हा दाबले. दोन नोंदी. पावती क्रमांक दुसऱ्यांदा घ्यायचाच नाही असे बंधन घातले की मिटते.

बँक खात्यांचे मात्र मनाला लागले. यादी एक्सेलमध्ये उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये उडतात, कारण एक्सेल त्याला संख्या समजते, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला अर्थ नसतो. पंधरा अंकांपेक्षा लांब क्रमांक असेल तर पुढचे अंक शून्य होऊन बसतात. उपाय, तो रकाना आधीच अक्षरांचा करून ठेवायचा. खाते क्रमांक ही बेरीज-वजाबाकीची गोष्टच नव्हे. आयएफएससी कोडमधला पाचवा शून्य हा शून्यच असतो, इंग्रजी ओ नव्हे, हे पासबुकावरून उतरवताना सभासदांनीही पाहावे.

नावांचीही एक तऱ्हा. वऱ्हाडे आडनावाचे एक सभासद नावाने शोधले तर सापडत नव्हते, क्रमांकाने सापडत होते. युनिकोडमध्ये 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावे. आता नोंद करताना आणि शोधताना दोन्हींना एकाच रूपात आणले जाते. आणि वजनाच्या बेरजेत येणारा किलोचा फरक! संगणक दोनच अंकांत मोजतो, त्याला ०.१ नेमका लिहिता येत नाही, जसा आपल्याला एकतृतीयांश दशांशात संपवता येत नाही. म्हणून वजन टनात न साठवता पूर्ण किलोत साठवावे. प्रोग्रॅमरला हे पटायला वेळ लागला, पण पटले.

असल्या दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. शब्द जुना आहे, पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेत खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला. ती वही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. आपल्या खोडकिडीचाही प्रौढ अवस्थेत पतंगच होतो, तेव्हा ओळख जुनीच म्हणायची.

ऊस आणि संगणक यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. वारणानगरला १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तरेक गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. उसाची नोंद, वजन, बिल गावातच कळावे हा हेतू. पुढे संशोधकांनी सात गावांत गावातल्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली आणि ते काम कमी खर्चात भागले. आम्हाला त्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की आकडा शेतकऱ्याच्या हातात जितका लवकर पोचतो तितकी चूक लवकर पकडली जाते. आमच्या यादीतली चूक पकडली ती संगणक कक्षाने नव्हे, धुऱ्यावरच्या माणसाने.

म्हणून सभासदांना विनंती. "मोबाईलवर काही दिसत नाही" एवढेच सांगू नका. "ऊस पिवळा पडला" म्हटल्यावर आम्ही जसे विचारतो, शेंड्याची पाने की बुडाची, सगळे शेत की कोपरा, तसेच इथेही विचारावे लागते. सभासद क्रमांक, पावती क्रमांक, पाहिल्याची वेळ, आणि पडद्यावर जी काही एरर आली असेल तिचा फोटो. दुसऱ्याच्या फोनवर बरोबर दिसत असेल तर तेही सांगा. मग बहुधा तुमच्या फोनच्या ब्राउझरने जुने पान साठवून ठेवलेले असते, ते पुसले की भागते. सगळ्यांकडेच चुकत असेल तर दोष आमचा.

त्या सभासदांचा ऊस मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुटला. आम्ही स्वतः फडात उभे होतो. टोळीच्या मुकादमाने मोळी उचलून वजन किती घटले असेल त्याचा अंदाज सांगितला, तो इथे लिहीत नाही. झालेली चूक आम्ही त्यांना जशीच्या तशी समजावून सांगितली. ऐकून म्हणाले, "म्हणजे वशिला नव्हता?" आणि जरा थांबून, "मंग आधीच काहून नाही पाह्यलं जी?"

येत्या नोंदणीपासून पावतीवर लागणीचा महिना अक्षरी छापून येईल. चिटबॉयसमोरच तो वाचून पाहावा, चूक असल्यास तिथेच सांगावे. पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.