मनाचा आजार : कारणे आणि उपाय



खोडव्यावर केवडा पडला, पान पिवळं-पांढरं झालं, तर आपण कुणाची नजर लागली असं म्हणत नाही. पिकाला लोह मिळत नाही हे ओळखतो, हिराकस देतो आणि चार दिवस वाट बघतो. घरातलं माणूस मात्र एकटंच बोलू लागलं, 'जेवणात विष घातलंय' म्हणू लागलं, की पहिली धाव देवऋष्याकडे. 'बाहेरचं' बघण्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात आणि आजार मुरतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

मेंदू हा हात-पाय, यकृतासारखाच शरीराचा अवयव आहे. त्याच्या पेशी एकमेकींना निरोप पोचवतात ते काही रसायनांमार्फत. डोपामिन हे त्यातलंच एक. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजारात ह्या निरोपांची गडबड होते. कानात माणसं बोलतात, शेजारी वैरी वाटतो. ते आवाज रोग्याला खरोखरच ऐकू येतात. तो सोंग करीत नसतो. नैराश्याचा आजार वेगळा. त्यात झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कामात जीव लागत नाही. आपण त्याला 'आळशी झालाय' म्हणून मोकळे होतो.

हे कशाने होतं? एकच कारण सांगता येत नाही. उसाचं एखादं वाण काणीला लवकर बळी पडतं, पण म्हणून त्याच्या प्रत्येक फडात काणी येतेच असं नाही. आनुवंशिकतेचं तसंच आहे. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण शंभरात सुमारे १; आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलांत शंभरात सुमारे १०. म्हणजे उरलेल्या ९० जणांना तो होत नाही. तेव्हा 'घराण्यात वेड आहे' म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. बाकी कारणं परिस्थितीची : डोक्यावरचं कर्ज, जवळच्या माणसाचा मृत्यू, लहानपणी झालेला छळ, दारू आणि गांजा. डोक्याला मार, थायरॉईडचा बिघाड किंवा बाळंतपण यानंतरही मन बिघडू शकतं. करणी, भानामती हे यातलं कारण नाही. आणि 'लग्न केलं की सुधारेल' हा उपाय नाही. त्यानं दोन जीवांचे हाल होतात.

उपचार नाहीत तर काय होतं, आणि मिळाले तर काय होतं, हे रायगड जिल्ह्यात बघायला मिळतं. कर्जत म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं अहिल्यानगरकडचं नव्हे. बोरघाट उतरून खोपोली-खालापूर गाठलं की पुढं लागतं ते, भातशेतीचं कर्जत. मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्यानं एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना पाहिला. त्याला नेऊन औषधं दिली. बरा झाल्यावर कळलं, पोरगा पदवीधर, घर पार आंध्र प्रदेशात. त्यातूनच १९८८ साली 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' उभी राहिली. २००६ पासून तिचं केंद्र कर्जतजवळ आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना तिथं आंघोळ, जेवण आणि औषध मिळतं. डोकं ठिकाणावर आलं की माणूस आपलं नाव-गाव सांगतो आणि संस्थेची माणसं त्याला घरी पोचवतात. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ७,००० हून अधिक लोक असे घरी पोचले होते. सांगायचं हे, की ज्याला आपण 'वेडा' म्हणून हाकलतो त्यालाही कुठंतरी घर असतं, वाट बघणारी आई असते.

पण घरी पोचलं म्हणजे काम संपलं असं नाही. बरं वाटलं की गोळ्या बंद करणं ही आपली सवय, आणि आजार उलटण्याचं ते मोठं कारण. रक्तदाबाच्या गोळीसारखी ही गोळीही डॉक्टर सांगतील तोवर घ्यायची. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. धीर सोडू नये.

कुणी 'आता जगण्यात अर्थ नाही' म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि दवाखाना गाठा. सरकारची 'टेलीमानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मिळते. मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत.

रोग्याला साखळीनं बांधू नका. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी इथं आग लागली, तेव्हा साखळदंडात बांधलेल्या २५ हून अधिक मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि ते जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी आहे.

फडात रोग दिसला की आपण त्याच दिवशी कृषी सहायकाला गाठतो. घरातल्या माणसासाठी त्याहून उशीर नको, एवढीच सर्व सभासदांना आमची विनंती आहे.