गळ्यातली चिठ्ठी आणि पडद्यावरची पाटी

मंडळी, आज ज्या छोट्या फिल्मबद्दल बोलायचंय तिचं नाव 'डॉग हेवन'. साल 1927. हॅल रोच या अमेरिकन निर्मात्याच्या 'अवर गँग' मालिकेतला हा मूकपट. मालिका 1922 ते 1944 चालली. गल्लीतली पोरं आणि त्यांचा कुत्रा पीट, एवढाच तिचा संसार. पीटच्या एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ होतं. थोडं जन्मजात, उरलेलं रंगानं पुरं केलेलं!

गोष्ट अशी. पीटचा मालक जो, चांगला गुटगुटीत पोरगा. त्याला एक मुलगी आवडायला लागते आणि पीटला कुणी विचारेनासं होतं. पुढे ती मुलगी पाण्यात पडते. पीट तिला बाहेर काढतो, आणि आळ येतो पीटवरच. बिचारा जीव द्यायला निघतो. त्याचा एक कुत्रा दोस्त त्याला अडवतो, त्याला तो आपली कर्मकहाणी सांगतो. (हा जीव देण्याचा भाग थट्टेत घेतलाय खरा, पण लहान मुलांना दाखवताना मोठ्या माणसानं शेजारी बसावंच.)

आता ही चौकट आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातलं मुंगूस आठवा. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं, आणि तोंडाला लागलेलं रक्त पाहून आई त्यालाच मारते. रक्त खरं असतं, त्यावरून काढलेला अर्थ खोटा असतो. इथंही तेच: पोरगी भिजलेली, कुत्रा शेजारी भिजलेला. झालं, निकाल लागला.

आपल्या मंठा-परतूर भागात बंजारा तांडे आहेत. बंजाऱ्याच्या कुत्र्याची एक गोष्ट देशात ठिकठिकाणी सांगतात. बंजारा कर्जापोटी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. कुत्रा चोरीचा माल शोधून देतो. सावकार खूश होतो, कर्ज फिटलं अशी चिठ्ठी गळ्यात बांधून कुत्र्याला घरी पाठवतो. बंजाऱ्याला वाटतं, हा पळून आला, माझा शब्द मोडला. तो काठी घालतो. चिठ्ठी नंतर दिसते. छत्तीसगडमध्ये, बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावी, याच कथेशी जोडलेलं कुकुरदेव मंदिर आहे.

मग एकाच चौकटीतून तिकडे रडू आणि इकडे हसू कसं येतं? मला विचाराल तर फरक चिठ्ठीचा आहे. मुक्या जनावराची बाजू वेळेवर वाचली गेली की विनोद, उशिरा वाचली की शोक. आणि मूकपटात गंमत बघा, तिथं माणसंही मुकीच! जो काय बोलला ते पाटीवर, पीट काय बोलला तेही पाटीवर. बोलण्याच्या बाबतीत कुत्रा पोराच्या बरोबरीला येतो. बोलपटात हे इतक्या सहज जमत नाही. तिथं पोरगं तोंडानं बोलतं आणि कुत्रा नुसता भुंकतो.

म्हणून पाहणारं मूल गप्प बसत नाही. खरं काय घडलं ते त्यानं पाहिलेलं असतं, जोनं पाहिलेलं नसतं. ज्या मुलावर घरात न फोडलेल्या बरणीचा आळ आलाय, ते तर हमखास ओरडतं, "अरे, त्यानंच वाचवलंय!"

पाट्या इंग्रजीत आहेत, त्याची अडचण मानू नका. मूकपटांच्या काळात आपल्याकडे थिएटरात पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असायचा. तुम्ही वाचा, आपल्या बोलीत वाचा. पीटच्या पाट्या मात्र एखाद्या पोराकडूनच वाचून घ्या.